अनिश्चित मुदतीची ठेव

नावावरून कुणाची पत ठरवू नये, असं आमच्या बँकेतही म्हणतात. म्हणतात आणि ठरवतात! आता तुम्हीच सांगा, चार पोरं काउंटरवर येऊन 'द क्रॅनबेरी सॉ अस' या नावानं खातं उघडा म्हणाली, तर कुठला अधिकारी सही करील? शब्दशः अर्थ 'क्रॅनबेरीनं आम्हाला पाहिलं'; भरभर म्हटलं की होतं 'क्रॅनबेरी सॉस'. म्हणजे चटणी! आयर्लंडमधल्या लिमरिक गावी १९८९ साली नोएल आणि माइक हे होगन बंधू आणि ड्रम वाजवणारा फर्गल लॉलर यांनी नायल क्विन या गायकाला घेऊन हा चटणीउद्योग काढला. वर्षभरात गायकच निघून गेला.

१९९० साली त्याच्या जागी आली डोलोरेस ओ'रिऑर्डन. जवळच्याच खेड्यातली, घरातलं शेंडेफळ. पोरांनी तिला एक चाल ऐकवली, ती घेऊन ती घरी गेली आणि थोड्याच दिवसांत शब्द घेऊन परत आली. विषय काय, तर पहिलं चुंबन घेऊन पसार झालेला एक सैनिक. तेच पुढे गाजलेलं 'लिंगर'.

मी पडलो बी. कॉम. गाण्याचाही मी आधी ताळेबंद मांडतो. 'लिंगर'चं भांडवल किती? मोजून चार कॉर्ड, तेच फिरवून फिरवून वापरलेले. बाकी सगळी उलाढाल त्या मुलीच्या आवाजावर. तो मध्येच चिरकतो, वर गिरकी घेतो आणि पुन्हा गुपचूप जागेवर येऊन बसतो. जिला फसवलं गेलं तिनं खरं तर आकांत करावा. ही अजून तिथंच घुटमळते आहे. मला तर ते घुटमळणंच ऐकावंसं वाटतं.

पण समीक्षक! ही मुलगी इतकी लाजाळू, की सुरुवातीला श्रोत्यांकडे पाठ करून गायची. (आमच्या शाखेत गिऱ्हाइकाकडे पाठ करून बसणारे पुष्कळ आहेत, पण त्यांतलं एकही गात नाही.) १९९१ मध्ये आलेल्या छोट्या रेकॉर्डचं नावच 'अनसर्टन' – अनिश्चित! समीक्षकांनी नाकं मुरडली. बुजरेपणा नावेच्या बाजूला मांडून मोकळे झाले. मग मॅनेजर बदलला आणि स्टीफन स्ट्रीट हा निर्माता आला. त्यानं एक शहाणपणा केला : तो बुजरेपणा दुरुस्त करायला गेला नाही. गिटारी हलक्या ठेवल्या, 'लिंगर'मागं व्हायोलिनं लावली आणि आवाजाला मोकळी जागा सोडली.

पहिला अल्बम आला १ मार्च १९९३ ला. मार्च एंडिंगला! नाव, 'एव्हरीबडी एल्स इज डुइंग इट, सो व्हाय कान्ट वुई?' सगळेच करतात, मग आम्हीच का नाही? हे वाक्य कर्जदाराच्या तोंडून मी रोज ऐकतो. इंग्लंडात अल्बमची कुणी फारशी दखल घेतली नाही. हा चेक वटला अमेरिकेत. तिथं 'स्वेड' या इंग्लिश बँडच्या आधी गाऊन ही मंडळी मुख्य पाहुण्यांवरच मात करू लागली. एमटीव्हीनं 'लिंगर' उचललं, ते अमेरिकन यादीत आठव्या क्रमांकावर गेलं. मग १९९४ च्या जूनमध्ये तोच अल्बम इंग्लंडात पहिला! गाणी तीच, सूर तोच. फक्त परदेशी शिक्का लागला. हे आपल्याला काही नवीन नाही म्हणा.

त्याच वर्षी 'झॉम्बी' आलं आणि डोलोरेस गरजायला लागली. १९९३ च्या वॉरिंग्टनच्या बॉम्बस्फोटात दोन लहान मुलगे गेले होते. तिथं कुजबुजून भागत नाही, हे मला मान्य आहे. तरी माझं मन पहिल्याच अल्बमपाशी रेंगाळतं.

१५ जानेवारी २०१८ रोजी डोलोरेस गेली, ४६ वर्षांची. आमच्या मुलीनं त्या संध्याकाळी 'झॉम्बी' लावलं. म्हटलं, "अगं, आवाज कमी कर आणि 'लिंगर' लाव."

"बाबा, 'लिंगर' लावलं तर आवाज वाढवावा लागेल," ती म्हणाली.

"मग वाढव की!"