‘ड्रॉप घेणे’, ‘कॉपी’ आणि ‘पॅटर्न’ : नांदेड-लातूरकडील बोलीतील इंग्रजी शब्दांचा विचार

इंग्रजी बोलण्यातील सैल, सलगीच्या शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या लहान पुस्तिका आज जिल्ह्याच्या गावी बसस्थानकावरही विकत मिळतात. त्यांची पद्धत एकच. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी प्रतिशब्द. ह्या पुस्तिका इंग्रजी शिकवतात की नाही हा प्रश्न निराळा; परंतु मराठी बोलीतील इंग्रजी शब्दांचा अर्थही याच रीतीने, म्हणजे मूळ शब्दाचा इंग्रजी अर्थ पाहून, लावता येतो असा जो समज सुशिक्षितांत रूढ आहे तो तपासून पाहण्याजोगा आहे. नांदेड व लातूर ह्या दोन शहरांतील विद्यार्थ्यांच्या बोलण्याकडे थोडे लक्ष दिले तरी तो समज टिकत नाही.

प्रथम संज्ञेचा प्रश्न. ‘स्लँग’ ह्या शब्दाला मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द नाही. ‘अपभाषा’ म्हटले की निकाल आधीच लागलेला असतो. ‘ग्राम्य’ म्हणावे तर तो काव्यशास्त्रातील दोष. शिवाय प्रस्तुत शब्दांचा उगम ग्रामात नसून शिकवणीचे वर्ग, वसतिगृहे, चहाच्या टपऱ्या व कचेऱ्यांचे व्हरांडे येथे आहे. म्हणून येथे ‘सलगीची बोली’ एवढाच साधा शब्द वापरलेला बरा.

आता ‘ड्रॉप घेणे’ हा प्रयोग पाहावा. बारावीनंतर वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा मनासारखी न गेलेला विद्यार्थी एक वर्ष कोठेही प्रवेश न घेता पुन्हा तयारीला बसतो. तो ‘ड्रॉप घेतो’. इंग्रजी ‘ड्रॉप’ शब्दात पडणे, गळणे, सोडून देणे हे अर्थ आहेत. मराठीत त्याला ‘घेणे’ हे क्रियापद लागताच गळण्याची क्रिया गळून जाते आणि हेतुपुरस्सर केलेला निश्चय उरतो. जे वर्ष ‘गेले’ असे आजोबा म्हणाले असते, ते वर्ष नातू ‘घेतो’. ‘रिपीटर’चीही तीच गत. एके काळी शाळेत हा शब्द नापास होऊन त्याच वर्गात बसलेल्या मुलाला लावीत, व तो ऐकताना मुलाची मान खाली जाई. लातूरच्या शिकवणी वर्गांत ‘रिपीटर बॅच’ ही एक स्वतंत्र, रीतसर तुकडी असते. अर्थ बदलला तो इंग्रजीत नव्हे. तो बदलला परीक्षेच्या व्यवस्थेमुळे आणि मराठी क्रियापदामुळे.

येथेच मुख्य मुद्दा येतो. ह्या शब्दांपैकी बहुतेक शब्द इंग्रजीत सलगीचे नाहीतच. ‘कट’, ‘लाइन’, ‘फिल्डिंग’, ‘सेटिंग’, ‘मॅटर’, ‘लोड’ हे इंग्रजीतील साधे, सभ्य, कित्येकदा तांत्रिक शब्द. त्यांना सलगीचे रूप येते ते ‘मारणे’, ‘लावणे’, ‘घेणे’, ‘होणे’ ह्या घरच्या क्रियापदांनी. आणि हे साचे नवे नाहीत. ‘थापा मारणे’, ‘दांडी मारणे’ होते म्हणून ‘बंक मारणे’, ‘लाइन मारणे’ आले. ‘धसका घेणे’, ‘मनावर घेणे’ होते म्हणून ‘टेन्शन घेणे’, ‘लोड घेणे’ सुचले. ‘वशिला लावणे’ ह्या जुन्या प्रयोगाच्या जागी आज ‘सेटिंग लावणे’ बसले आहे. आणि गंमत अशी की ‘वशिला’ हाही घरचा शब्द नव्हे, तो अरबीतून आलेला. पाहुणे बदलले, बसायचा पाट तोच राहिला.

मराठवाड्याच्या संदर्भात ह्या गोष्टीला विशेष अर्थ आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू, आणि 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू. मुंबई-पुण्याकडे इंग्रजीने जी जागा पाऊणशे वर्षे आधी धरली होती ती येथे उर्दूकडे होती. नांदेडचे पीपल्स कॉलेज 1950 चे, औरंगाबादचे विद्यापीठ 1958 चे, आणि नांदेडला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते 1994 साली. म्हणजे येथील सामान्य माणसाच्या बोलण्यात इंग्रजी शब्द शिरले ते मिल्टन-शेक्सपिअरच्या वाटेने नव्हे. ते क्रिकेट, एस.टी., कोर्ट, चित्रपट आणि परीक्षा ह्यांच्या वाटेने. ‘मॅटर झाला’ म्हणजे मारामारी झाली, ह्या अर्थामागे न्यायालय व पोलीस ठाणे स्पष्ट दिसते. ‘फिल्डिंग लावणे’ म्हणजे पदासाठी किंवा बदलीसाठी आधीपासून माणसे मोक्याच्या जागी उभी करून ठेवणे. कर्णधार क्षेत्ररक्षक उभे करतो ते दृश्य डोळ्यांपुढे आणल्यास ह्या प्रयोगाची अचूकता पटते. इंग्रजीत ‘फिल्डिंग’ला हा अर्थ नाही, ही रचना सर्वस्वी मराठी बुद्धीची आहे.

‘कॉपी’ ह्या शब्दाचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. हिंदीत परीक्षेतील लबाडीला ‘नकल’ म्हणतात. मराठीतही ‘नक्कल’ आहे, मग तो शब्द का चालला नाही? कारण त्याची जागा आधीच भरलेली होती. मराठीत ‘नक्कल’ म्हणजे एक तर कचेरीतून मिळणारी कागदाची प्रत, नाहीतर दुसऱ्याच्या बोलण्या-चालण्याची केलेली हुबेहूब बतावणी. मराठवाड्यात तलाठी व तहसील ह्यांच्याशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाला पहिला अर्थ तोंडपाठ. सबब परीक्षेतील लबाडीसाठी निराळा शब्द हवा होता, तो ‘कॉपी’ने पुरवला. पुढे क्रियेवरून शब्द वस्तूवर आला. पर्यवेक्षकाने ‘कॉपी पकडली’ म्हणजे चिठ्ठी पकडली, अनेकवचन ‘कॉप्या’, खिडकीतून त्या ‘पुरवल्या’ जातात, आणि करणारा ‘कॉपीबहाद्दर’. ह्या शेवटच्या समासात इंग्रजी पूर्वपद व फारसी उत्तरपद असून तो शोभतो मात्र अस्सल मराठी. कायद्याची भाषा वेगळी. 1982 च्या महाराष्ट्रातील परीक्षाविषयक अधिनियमाचा रोख ‘गैरप्रकारां’वर आहे. ‘गैरप्रकार’ ह्या शब्दात दोष आहे; ‘कॉपी’त तो जवळजवळ नाही. एखाद्या कृत्याला परका, गुळगुळीत शब्द मिळाला की त्याची बोच कमी होते, ह्याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. ‘सेटिंग’विषयीही हेच म्हणता येईल, ‘लाच’ हा शब्द उच्चारताना जीभ अडखळते, ‘सेटिंग’ म्हणताना अडखळत नाही. सलगीच्या बोलीचे कौतुक करणाऱ्यांनी तिची ही बाजू नजरेआड करू नये.

‘पॅटर्न’ने मात्र वेगळाच प्रवास केला. घोकंपट्टीची, वारंवार चाचण्यांची, वेळापत्रकाला बांधलेली लातूरची अध्यापनपद्धती ‘लातूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजली. 2010 च्या सुमारास जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांच्या काळात नांदेडने कॉपीमुक्त परीक्षांची मोहीम चालवली, तिचाही ‘नांदेड पॅटर्न’ झाला. गावाचे नाव आणि पुढे ‘पॅटर्न’ ही रचना अशी रुळली की 2018 साली प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ ह्या गुन्हेगारीवरील चित्रपटाचे नाव कोणास उलगडून सांगावे लागले नाही. आज ‘आपला पॅटर्नच वेगळा’ म्हणणाऱ्या तरुणाला गुणवत्ता यादीही अभिप्रेत नसते, गुन्हेगारीही नसते. असते ती केवळ ऐट.

उलट जे शब्द इंग्रजीत खरोखर सलगीचे आहेत त्यांची येथे फारशी रुजवण झालेली दिसत नाही. ‘टाइट’ हा अपवाद. दारू चढलेल्यास इंग्रजीतही तसे म्हणतात. ‘कूल’ला लिंग नाही, वचन नाही, क्रियापदही जवळ करीत नाही, तो वाक्यात परक्यासारखा उभा राहतो. ‘ब्रो’ला ‘भावा’ने दारातच अडवले आहे. ‘चिल’ थोडा रुळला, पण केव्हा? ‘चिल मार’ असे म्हटले गेले तेव्हा.

माधवराव पटवर्धनांनी 1925 साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला आणि 1938 साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. परक्या शब्दांना विरोध करणाऱ्याने आधी त्यांची नीट नोंद केली होती, हे विसरता येत नाही. आजच्या आक्षेपकांत विरोध आहे, नोंद नाही. विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेतील ‘टेन्शन घेतले’ खाली तांबडी रेघ ओढली जाते. ते वाक्य ‘चिंता घेतली’ असे का होत नाही, ‘चिंता केली’ असेच का होते, आणि मग ‘टेन्शन’ने ‘घेणे’च का पत्करले, हे मात्र विचारले जात नाही. मराठवाड्यातील बोलींचे जे शब्दसंग्रह होतात त्यांत शेतीची अवजारे, नात्यांची नावे, म्हणी व उखाणे असतात. ‘कॉप्या’ आणि ‘ड्रॉप घेणे’ नसतात, कारण संग्राहकास ते मराठी वाटत नाहीत. ‘वशिला’ आणि ‘नक्कल’ मात्र तो निःशंकपणे उतरवून घेतो.