पुडके कोणी दिले?

फराळाचे ताट समोर असताना तुरुंग, फाशी आणि चरस यांच्या गोष्टी काढणे रीतीला धरून नाही, हे मला कळते. तरीही मी त्या काढणार आहे. ज्या कथानकाविषयी मला लिहायचे आहे, त्याचा उगम तुरुंगात नसून फराळाच्या डब्यात असतो, असे माझे मत होऊन बसले आहे. ते कसे, हे लेखाच्या शेवटी सांगेन. तोवर वाचकांनी धीर धरावा.

परमुलखात गेलेला एखादा प्रवासी, त्याच्या सामानात सापडलेले अमली पदार्थ, तिथला कठोर कायदा आणि मागे राहिलेले घरचे लोक, हे कथानक आता आपल्याला नवे राहिलेले नाही. मी शाळकरी मुलगी होते तेव्हा, १९९३ साली, महेश भट्ट यांचा ‘गुमराह’ आला. त्यात श्रीदेवी हाँगकाँगच्या विमानतळावर पकडली जाते. जिच्यावर प्रेम केले त्याच माणसाने तिच्या सामानात विष ठेवलेले असते. ठाण्याला मामाकडे सुटीत गेले असता तो चित्रपट पाहिला. परत येताना लोकलमध्ये मी आईचा हात सोडला नव्हता, एवढे आठवते. पुढे एकतीस वर्षांनी, २०२४ च्या दसऱ्याच्या सुमारास, वासन बाला यांचा ‘जिगरा’ पाहिला. तेव्हा हात धरायला आई नव्हती, आणि मीही आता पोरींना चित्रकला शिकवणारी, चार कादंबऱ्या लिहिलेली बाई झाले होते. माझे शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही. त्यामुळे समीक्षेची परिभाषा मला येत नाही. गोष्ट कुठे खरी लागते आणि कुठे खोटी, एवढेच मी सांगू शकते.

या जातीच्या गोष्टींचे मूळ घराणे पाहू गेल्यास ‘मिडनाइट एक्सप्रेस’ या १९७८ सालच्या इंग्रजी चित्रपटापाशी थांबावे लागते. बिली हेस हा अमेरिकन तरुण १९७० मध्ये इस्तंबूलच्या विमानतळावर सुमारे दोन किलो चरसासह पकडला गेला. १९७५ मध्ये तो तुरुंगातून निसटला, आणि पुढे त्याने आपली हकीकत पुस्तकरूपाने लिहिली. तिच्यावरून हा चित्रपट निघाला, त्याला ऑस्कर पारितोषिके मिळाली, आणि जगभर तुर्की माणूस म्हणजे क्रूर पशू अशी समजूत पसरली. पुढे पटकथाकार ऑलिव्हर स्टोन यांनी तुर्कस्तानात जाऊन दिलगिरी व्यक्त केली. खुद्द हेसनेही चित्रपटातील तुर्कांच्या चित्रणाबद्दल खेद दर्शविला. आता गंमत अशी की, हेस निरपराध नव्हता. चरस त्याने जाणूनबुजून अंगाला बांधले होते. तरी प्रेक्षकांनी त्याला नायक केले आणि एका अख्ख्या देशाला खलनायक. कलेच्या सामर्थ्याचा हा पुरावा आहे खरा, पण तो अभिमानाने सांगण्याजोगा नाही.

‘जिगरा’च्या कर्त्यांनी हा धोका ओळखलेला दिसतो. त्यांनी हानशी दाओ नावाचा एक काल्पनिक देशच निर्माण केला. कोणाही खऱ्या देशाची बदनामी नको, हा हेतू चांगलाच. पण त्याची किंमतही मोजावी लागली आहे. काल्पनिक देशाचा कायदाही काल्पनिक असतो, आणि काल्पनिक कायद्याशी वाद घालता येत नाही. तो नुसता भिंतीसारखा उभा राहतो. भिंत म्हटली की ती फोडायची, एवढाच मार्ग उरतो. म्हणून आलिया भट्ट यांची सत्या आपल्या भावासाठी अखेर तुरुंग फोडायला निघते. तिथून पुढे सारा धूर, धावपळ आणि बंदुका.

खरा कायदा भिंतीपेक्षा अधिक भयंकर असतो, कारण तो तर्कशुद्ध असतो. सिंगापूरच्या १९७३ च्या कायद्याचेच पाहा. पंधरा ग्रॅमपेक्षा अधिक हेरॉइनची किंवा पाचशे ग्रॅमपेक्षा अधिक गांजाची वाहतूक सिद्ध झाली की देहान्ताची शिक्षा. काही थोड्या अपवादांत, नुसता वाहक असलेल्या माणसाला, जन्मठेप. पण पंधरा ग्रॅम या आकड्याहून मला भय वाटते ते दुसऱ्याच कलमाचे. वस्तू तुमच्या ताब्यात सापडली म्हणजे ती काय आहे हे तुम्हाला ठाऊक होते, असे तिथे गृहीत धरले जाते. ठाऊक नव्हते, हे तुम्ही सिद्ध करायचे. एखादी गोष्ट ठाऊक नसल्याचा पुरावा माणसाने आणावा तरी कुठून? ज्ञानाला साक्षीदार असतात. अज्ञानाला कुणीच नसते. एवढ्या एका प्रश्नात मोठी शोकांतिका मावेल. आमच्या चित्रपटांना तो प्रश्नच पडत नाही.

हे ‘तिकडचे’ कायदे म्हणून नाक मुरडण्याचीही सोय नाही. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातही आरोपीचा हेतू दुष्ट होता असे गृहीत धरणारे कलम आहे. त्याच कायद्यात दुसऱ्यांदा केलेल्या काही गुन्ह्यांसाठी देहान्ताची शिक्षा बंधनकारक होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ते बंधन घटनाबाह्य ठरवले, आणि २०१४ च्या दुरुस्तीने ती शिक्षा न्यायाधीशांच्या विवेकावर सोपवली गेली. आपल्याकडच्या तुरुंगांतही या कायद्याखाली परदेशी माणसे खितपत पडलेली आहेत. कल्याणला आधारवाडीच्या तुरुंगावरून जाताना माझ्या मनात येते की, आत एखादी परमुलखातली बाई असेल तर तिच्या आईच्या लेखी आपले कल्याण म्हणजेच हानशी दाओ.

आता खऱ्या घडलेल्या गोष्टींकडे वळू. मुंबईचे एक तरुण जोडपे जुलै २०१९ मध्ये दोह्याला गेले. नवऱ्याच्या नात्यातील एका वडीलधाऱ्या बाईने ही सहल त्यांना भेट म्हणून दिली होती. बरोबर एक पुडके दिले, त्यात तंबाखू आहे म्हणून सांगितले. विमानतळावर त्या पुडक्यात सुमारे चार किलो चरस निघाले. दोघांना दहा-दहा वर्षांची कैद झाली. बायको गरोदर होती. फेब्रुवारी २०२० मध्ये तिने कोठडीत असतानाच मुलीला जन्म दिला. इकडे तिच्या वडिलांनी अर्ज-विनंत्या करून केंद्रीय अमली पदार्थ नियंत्रण विभागाकडे तक्रार नेली. तपास झाला, त्याचे कागद सरकारी वाटेने दोह्यापर्यंत पोहोचले. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले, आणि मार्चअखेर दोघेही निर्दोष सुटले. एप्रिलमध्ये ती तिघे मुंबईत उतरली. गेली होती दोघे.

या हकीकतीत भिंत कोणी फोडली नाही. बंदूक नाही, धूर नाही. आहे तो एक म्हातारा होत चाललेला बाप, हातात कागदांची पिशवी, आणि अनोळखी भाषेत चाललेला खटला. ज्याला ‘गुन्ह्याचा हेतू’ म्हणतात तो या दोघांचा नव्हता, हे परक्या न्यायाधीशांना पटवायचे होते, आणि ते पटले. ज्या देशाला चित्रपटाने राक्षस ठरवले असते, त्याच देशाच्या न्यायालयाने ऐकून घेतले. ही गोष्ट पडद्यावर कमी रोमहर्षक दिसेल, हे कबूल. पण माझ्या मते ‘जिगर’ या शब्दाचा खरा अर्थ या बापापाशी आहे.

दुसरी हकीकत २०२३ ची. मुंबईची एक उदयोन्मुख अभिनेत्री चाचणीसाठी म्हणून शारजाला गेली. निघताना तिच्या हाती एक स्मृतिचिन्ह देण्यात आले होते. त्यात गांजा आणि खसखस दडवलेली होती. तिला तीन-साडेतीन आठवडे तुरुंगात काढावे लागले, आणि घरी परतायला ऑगस्ट उजाडला. मुंबई पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे या कारस्थानाच्या मुळाशी होते तिच्या आईशी कुत्र्यावरून झालेले भांडण! एखाद्या लेखकाने हा हेतू कादंबरीत घातला असता तर संपादकांनी ‘अविश्वसनीय’ म्हणून हस्तलिखित परत केले असते.

या दोन्ही हकीकतींत एक क्षण समान आहे: पुडके हाती घेण्याचा. आपल्या कथा-चित्रपटांत नेमका तोच क्षण घाईने उरकला जातो. बॅग उघडली, पुडके निघाले, किंचाळी, कट! पण ते पुडके घेताना त्या माणसाला ‘नको’ का म्हणता आले नाही? विमानतळावरच्या तपासनिसाला हा प्रश्न पडणार नाही, पण लेखकाला पडलाच पाहिजे. ज्यांनी सहल भेट दिली त्यांचे पुडके नाकारायचे कसे? जो काम देणार आहे त्याची वस्तू उघडून पाहायची कशी? आपल्या समाजात उपकार, वय आणि नाते यांनी बांधलेली गाठ चाकूने कापता येत नाही. अंमली मालाचा व्यापारी ही गाठ आपल्याहून चांगली ओळखतो.

‘जिगरा’ला हे एका ठिकाणी गवसले होते, हे त्याच्या श्रेयासाठी सांगायला हवे. सत्या आणि अंकुर ही पोरकी भावंडे श्रीमंत नातलगांच्या आश्रयाने वाढलेली. अमली पदार्थ बाळगणारा असतो त्या घरचा मुलगा, आणि गुन्हा आपल्या माथी घेतो तो आश्रित अंकुर. कारण घरचा वकील त्याला तसे सांगतो आणि लवकर सोडवण्याचे वचन देतो. अन्नाचे ऋण माणसाला फासापर्यंत कसे नेते, हे या प्रसंगात क्षणभर लख्ख दिसते. वेदांग रैना यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी भीतीपेक्षा संकोच अधिक आहे, आणि ते अगदी खरे आहे. खरी कलाकृती इथून सुरू व्हायची. पण दिग्दर्शकाला तुरुंग फोडण्याची घाई झालेली असते. ऋण मागेच राहते.

आता डब्याची गोष्ट.

‘जिगरा’ पाहून आल्यावर दोन दिवस मी मनाशी हीच टीका घोळवीत होते, आणि मोठ्या तोऱ्यात होते. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात दिवाळी आली. डोंबिवलीत फडके रस्त्यावर सकाळी तरुण मुलामुलींची गर्दी उसळते, तिच्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटला. दुबईला नोकरी लागली होती, चार दिवसांनी निघायचे होते. मी म्हटले, “अरे, शारजाला माझी भाची आहे. तिला एवढे अनारसे पोहोचते करशील ना?” तो म्हणाला, “हो बाई, त्यात काय!” डबा मी घट्ट बांधून, वर चिकटपट्टी लावून त्याच्या घरी नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो दारात उभा. हातात डबा, चिकटपट्टी काढलेली. मान खाली. “बाई, राग मानू नका. मी उघडला. यावर खसखस आहे. तिकडे चालत नाही.”

आपल्या घरात वाण्याकडून आणली जाते ती खसखस म्हणजे अफूच्याच बोंडातील बी. संयुक्त अरब अमिरातीत, सौदी अरबस्तानात आणि सिंगापुरात ती नेण्यास बंदी आहे. पावावरून कपड्यांवर पडलेल्या तीन दाण्यांपायी एका स्विस प्रवाशाला दुबईत चार वर्षांची शिक्षा झाल्याचे वृत्त २००८ मध्ये वर्तमानपत्रांतून आले होते. शारजाच्या त्या अभिनेत्रीच्या बातमीत ‘खसखस’ हा शब्द मी स्वतः वाचला होता. वाचला, आणि पुढच्याच ओळीला विसरले. अनारसा खसखशीवरच थापायचा असतो; तीन दिवस तांदूळ भिजत घालणाऱ्या माझ्या हातांना त्या शब्दाची ओळखच पटली नाही.

मी त्याला आत बोलावले, पाणी दिले. “तू उघडलास हे फार चांगले केलेस,” म्हटले. खरे सांगायचे तर त्या क्षणी मला रागच आला होता. आपल्या डब्यावर एका पोराने अविश्वास दाखवला याचा राग. मग त्याची आई फोनवर म्हणाली, “बाई, रात्रभर झोपला नाही हो. तुमचा डबा उघडायचा कसा, म्हणून.” तेव्हा माझा राग उतरला आणि लाज वाटू लागली. सातवीत ज्याच्या चित्रवहीवर मी लाल शाईने शेरे मारले होते, त्याला माझ्यासमोर ‘नाही’ म्हणण्यासाठी एक रात्र जागावे लागले. ती रात्र जागण्याचे धैर्य त्याच्यात नसते, तर? दोह्याच्या त्या बाईंचा आणि माझा हेतू निराळा होता, हे खरे. पण विमानतळावरच्या यंत्राला हेतू दिसत नाही, आणि पुडके देताना आम्ही दोघींनी जी शक्ती वापरली ती एकच होती.

म्हणून माझी आपल्या लेखकांना विनंती आहे की, या विषयावर लिहायचे तर एकदम परदेशी कोठडीत जाऊ नका. आधी डोंबिवलीच्या, कल्याणच्या, मुंब्र्याच्या एखाद्या घरात, निघण्याच्या आदल्या संध्याकाळी थांबा. बॅगेचे वजन होत असते, शेजारीण चटणीची पिशवी घेऊन येते, कोणी औषधाची बाटली देते, कोणी कुणासाठी भेट. आई म्हणते, “असू दे रे, नाही कसे म्हणायचे?” तिथे एक मुलगा डबा हाती घेऊन बसलेला असतो आणि त्याला तो उघडायचा असतो. ती रात्र कुणी नीट लिहिली, तर तुरुंग फोडण्याची गरज पडणार नाही. मला ती लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही. दोनदा सुरुवात करून फाडली आहे. त्या मुलाला मात्र मी एक सांगितले. पुढच्या खेपेला कुणीही काही दिले, अगदी बाईंनी दिले, तरी त्यांच्यादेखतच उघडून पाहा. म्हणजे रात्र जागावी लागणार नाही.