बसऱ्याचा एक खुत्बा आणि त्याचे तीन श्रोते

बसरा म्हटलें कीं आपल्याकडे मोती आठवतात. अरबी वाङ्मयाच्या अभ्यासकास मात्र ह्या नगराच्या मशिदींत इ. स. ६६५ मध्यें झालेला एक खुत्बा आठवतो. खलिफा मुआविया ह्यानें नेमलेला नवा सुभेदार झियाद इब्न अबीहि ह्याचें तें पहिलें भाषण. ईश्वरस्तुतीनें आरंभ करण्याची रूढि सोडून वक्ता एकदम मुद्द्यावर आला, म्हणून त्या खुत्ब्यास 'अल्-बत्रा', म्हणजे 'छाटलेला', असें नांव पडलें. पुढें दोन शतकांनीं बसऱ्याचाच थोर गद्यकार अल्-जाहिज (मृत्यु ८६८-६९) ह्यानें वक्तृत्वावरील आपल्या ग्रंथांत तो उतरून घेतला. अरबी गद्याचा उत्कृष्ट नमुना म्हणून तो आजहि वाचला जातो.

ही कीर्ति यथार्थ आहे. झियादच्या पितृत्वाविषयीं लोकांत संशय होता; 'इब्न अबीहि', म्हणजे 'आपल्या बापाचा मुलगा', हें त्याचें नांवच तसें सांगतें. मुआवियानें त्याला आपला भाऊ म्हणून पत्करलें होतें खरें. परंतु कुळाच्या अभिमानावर जगणाऱ्या टोळ्यांपुढें ह्या माणसाला स्वतःच्या शब्दांवरच उभें राहावयाचें होतें. त्यानें गुन्ह्यागणिक शिक्षा सांगितली: घर जाळणाऱ्यास जाळण्यांत येईल, दुसऱ्यास बुडविणाऱ्यास बुडविण्यांत येईल. त्याबरोबरच त्यानें स्वतःलाहि बांधून घेतलें. मिंबरावरून आपण खोटें बोलल्याचें आढळलें तर आपली आज्ञा मोडण्यास लोक मोकळे आहेत. अपरात्रीं आलेल्या गरजवंतालाहि आपलें दार बंद नसेल. कोणाचेंहि वेतन वेळेवर दिल्यावांचून राहणार नाहीं. सैन्य परमुलखांत गरजेहून अधिक काळ अडकवून ठेवलें जाणार नाहीं. धाक आणि वचन ह्यांची इतकी घट्ट वीण राज्यकर्त्यांच्या भाषणांत क्वचितच आढळते.

परंतु ह्याच विणींत एक धागा निराळा आहे. आश्रिताच्या बदलीं त्याच्या पालकास, प्रवाशाच्या बदलीं घरीं राहिलेल्यास, रोग्याच्या बदलीं निरोग्यास आपण धरूं, असेंहि झियाद सांगतो. वाक्यांचा ठेका तोच, जोडीला जोड तशीच. त्यामुळें कानाला कांहीं खटकत नाहीं. गुन्हेगाराची शिक्षा आणि निरपराध्याची शिक्षा एकाच तालांत पुढें सरकतात. ह्या खुत्ब्याचें सामर्थ्य येथें आहे, आणि त्याचा धोकाहि येथेंच आहे.

तीन श्रोत्यांचे अभिप्राय अल्-जाहिजनें खुत्ब्याबरोबरच जपून ठेविले आहेत. अब्दुल्ला इब्न अल्-अह्तम ह्यानें, सुभेदारास ज्ञान व निर्णायक वाणी लाभली आहे, अशी स्तुति केली. तें देणें दाविद पैगंबराचें, असें म्हणून झियादनें ती झिडकारली. अहनफ इब्न कैस ह्या टोळीनायकानें भाषण उत्तम ठरविलें, पण स्तुति कसोटीनंतरच करावी असें सांगितलें. तें झियादला पटलें. तिसरा अबू बिलाल मिर्दास. तो पुटपुटतच उठला. कोणीहि दुसऱ्याचें ओझें वाहणार नाहीं असें कुराण सांगत असतां, सुभेदार रोग्याबद्दल निरोग्यास धरूं म्हणतो, हें त्यानें दाखवून दिलें. झियादनें आक्षेप खोडून काढला नाहीं. असत्यांतून वाट काढल्यावांचून आपल्याला इष्ट स्थळीं पोहोंचतां येणार नाहीं, एवढेंच त्याचें उत्तर.

अहनफनें सांगितलेली कसोटीहि पुढें झाली. रात्रींच्या नमाजानंतर ठराविक वेळानें बाहेर आढळणाऱ्यास देहान्त शिक्षा होती. हा हुकूम ठाऊक नसलेला एक रानांतला अरब पहारेकऱ्यांस सांपडला. तो खरें बोलतो आहे असें वाटत असूनहि झियादनें लोकहितासाठीं त्याचा शिरच्छेद करविला, असें इतिहासकार तबरी (मृत्यु ९२३) सांगतो. वाटेंत पडलेली वस्तु मालक येईपर्यंत कोणी उचलीत नसे, असेंहि तोच लिहितो. दोन्ही गोष्टी एकाच राजवटीच्या आहेत. झियाद ६७३ मध्यें वारला. अबू बिलाल पुढें ६८०-८१ च्या सुमारास, झियादचाच मुलगा उबैदुल्ला ह्याच्या अमदानींत, बंड करून मारला गेला.

ह्या तीन श्रोत्यांपैकीं पहिला शैलीवर लुब्ध झाला, दुसरा अनुभवाची वाट पाहात थांबला, आणि तिसऱ्यानें एका वाक्याचा अर्थ तोलून पाहिला. समीक्षकाचें खरें काम त्या तिसऱ्यानें केलें. वाचकांनीं हा खुत्बा अवश्य वाचावा आणि त्याच्या भाषेचा आनंद मोकळ्या मनानें घ्यावा. मात्र अबू बिलालचें पुटपुटणें गाळून तो वाचूं नये.