मेर्सेन यांचा पत्रव्यवहार आणि साबित इब्न कुर्रा यांचा नियम

मारँ मेर्सेन (१५८८-१६४८) या फ्रेंच धर्मगुरूंची ओळख आपल्याकडे त्यांच्या नावाच्या मूळ संख्यांपुरतीच करून दिली जाते. दोनाच्या कोणत्या घातातून एक वजा केला असता मूळ संख्या मिळते, याची २५७ पर्यंतची यादी त्यांनी १६४४ मध्ये दिली. तीत ६७ व २५७ हे घात चुकून आले. ६१, ८९ व १०७ सुटले. ज्या यादीने नाव राखले तीच सदोष! तेव्हा गणिती म्हणूनच त्यांचे मूल्यमापन करणे अपुरे ठरते.

त्यांचे मोठे कार्य म्हणजे पत्रव्यवहार. विज्ञानाची नियतकालिके निघण्यापूर्वी देकार्त, फर्मा आदींची पत्रे पॅरिसच्या मठात येत. एकाचा प्रश्न मेर्सेन दुसऱ्यास कळवीत आणि उत्तरासाठी पाठपुरावा करीत. गॅलिलिओंना शिक्षा झाली १६३३ मध्ये. पुढच्याच वर्षी या धर्मगुरूंनी त्यांचे यांत्रिकीवरील लेखन फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केले, हे विशेषच.

याच पत्रव्यवहारातून १६३६ मध्ये फर्मा यांची १७२९६ व १८४१६ ही मित्रसंख्यांची जोडी पुढे आली. मित्रसंख्या म्हणजे एकीच्या, ती स्वतः वगळून, सर्व विभाजकांची बेरीज दुसरीइतकी, आणि दुसरीच्या विभाजकांची पहिलीइतकी. जसे २२० व २८४. परंतु अशा जोड्या शोधण्याचा नियम बगदादच्या साबित इब्न कुर्रा यांनी नवव्या शतकातच सिद्ध केला होता आणि कमालुद्दीन फारिसी यांना हीच जोडी फर्मांच्या सुमारे तीनशे वर्षे आधी ठाऊक होती.

असे दाखले मिळाले की आपले उर्दू-मराठी लेखक "युरोपने चोरले" असा निकाल देऊन मोकळे होतात. तो मला मान्य नाही. फर्मा यांनी फारिसींचा ग्रंथ पाहिल्याचा पुरावा नाही. शोध पुन्हा लागला एवढेच. मात्र पाठ्यपुस्तकांनी फारिसींना वगळावे, हेही अन्यायाचेच आहे. एकाचा शोध दुसऱ्या शोधकाच्या हाती देणारा मेर्सेन यांच्यासारखा दुवा फारिसींना लाभला नाही. बुद्धीत ते उणे नव्हते.

महाराष्ट्रातील उदाहरण देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांचे. ६१७४ या संख्येचा गुणधर्म त्यांनी १९४९ मध्ये मांडला. स्वखर्चाने पुस्तिका छापून त्यांनी आपले काम लोकांपुढे ठेवले, तरी विद्यापीठीय गणितज्ञांनी बहुधा दुर्लक्षच केले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकन मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कुठे जगाला देवळाली कळली.