डोमेन-नावाची निवड : हिंगोली जिल्ह्यातील नावांच्या आधारे एक परीक्षण

संकेतस्थळासाठी डोमेन-नाव कसे निवडावे याविषयी जे मार्गदर्शन सर्वत्र आढळते, त्याचा सारांश एका वाक्यात सांगता येतो : नाव आखूड असावे, ते लक्षात राहावे आणि शक्य तर त्याच्या शेवटी 'डॉट कॉम' असावे. हे मार्गदर्शन इंग्रजीत जन्मले, आणि इंग्रजी नावांपुरते ते चुकीचे आहे असेही म्हणता येणार नाही. परंतु मराठी नाव रोमन लिपीत घालावयाचे झाले की यातील 'लक्षात राहणे' ही कसोटी अपुरी पडू लागते. नाव लक्षात राहते ते ध्वनिरूपाने, आणि यंत्रास हवे असते ते अक्षररूपाने. या दोन रूपांमधील अंतर कोठे कोठे घातक ठरते हे पाहावयाचे, तर एखादा लहान प्रदेश घेऊन त्यातील नावे तपासणे हाच मार्ग बरा. प्रस्तुत लेखात त्यासाठी हिंगोली जिल्हा घेतला आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा पाच तालुक्यांचा : हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत. या पाच नावांत, आणि त्यांच्या आसपासच्या दोनचार नावांत, आपणांस हवे असलेले बहुतेक सर्व पेच सापडतात.

प्रथम व्यवस्थेविषयी थोडे. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डोमेन-नावांची पद्धती मांडली. तत्पूर्वी जाळ्यातील सर्व यंत्रांची नावे एकाच यादीत ठेवलेली असत. नव्या पद्धतीने त्या यादीची जागा एका उतरंडीने घेतली. नावाचा अधिकार उजवीकडून डावीकडे वाचावयाचा असतो : आधी देश वा वर्ग, मग त्याखालील संस्था, मग तिचा विभाग. प्रत्येक घटकात जास्तीत जास्त ६३ चिन्हे, आणि तीही रोमन अक्षरे, अंक व संयोगचिन्ह एवढीच. लहान-मोठ्या अक्षरांत भेद नाही. स्वरांवर मात्रा नाही, अक्षराखाली टिंब नाही. म्हणजे मराठीच्या शास्त्रशुद्ध रोमनीकरणासाठी विद्वानांनी जी जी साधने सिद्ध केली, ती सर्व या दारातून आत येताना बाहेर काढून ठेवावी लागतात. ट-त, ण-न, ळ-ल हे भेद तेथेच संपले.

कळमनुरीचे जे होते ते यातले सर्वांत साधे. 'ळ' गेला आणि 'कलमनुरी' उरली. गाव ओळखू येते, म्हणून कोणी तक्रार करीत नाही. सेनगावात 'गाव' हा शब्द शासकीय रोमन लेखनात 'ओ-एन' घेऊन येतो, तर आजचा तरुण मोबाइलवर तोच शब्द 'व्ही'ने लिहितो. हिंगोली हे नाव मात्र सुदैवी आहे. ऐकणारा ते एकाच प्रकारे लिहितो आणि वाचणारा ते एकाच प्रकारे वाचतो. जिल्हा प्रशासनाने 'हिंगोली डॉट एनआयसी डॉट इन' हे नाव घेतले, ते या दृष्टीने निर्दोष आहे. त्याचा उत्तरभागही बोलका आहे; राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या कक्षेतील नाव कोणा खासगी माणसास मिळत नाही, त्यामुळे नावाचे शेपूटच त्याची साक्ष देते. शेपटाचा हा उपयोग रेल्वेने फार पूर्वी ओळखला होता. हैदराबाद स्थानकामागे 'डेक्कन' लागते ते सिंधमधील हैदराबादेशी गल्लत होऊ नये म्हणून. हिंगोलीचे स्थानकही वेळापत्रकात 'हिंगोली डेक्कन' असेच आहे.

खरा विचार करावयास लावणारे नाव वसमतचे. मराठीत आपण 'वसमत' लिहितो. रेल्वेस्थानकाचे रोमन नाव 'बी'ने सुरू होते आणि 'टी'ने संपते. निवडणूक आयोगाच्या मतदारसंघांच्या यादीत तेच नाव 'बी'ने सुरू होऊन 'टी-एच'ने संपते. २०२४ मध्ये येथील हळदीस भौगोलिक मानांकन मिळाले, तेथे 'व्ही' आहे. एका गावाची तीन रोमन रूपे, आणि तिन्ही सार्वजनिक कागदपत्रांतली. यांतील अमुक एक रूप अशुद्ध असे म्हणण्याचा अधिकार कोणास आहे? पत्रव्यवहारात याने काही बिघडत नसे, कारण टपालवाटप करणारा मनुष्य होता आणि मनुष्य सावरून घेतो. डोमेन-पद्धती सावरून घेत नाही. एक अक्षर बदलले की ते दुसरे नाव, आणि दुसऱ्या नावाचा मालक दुसरा.

समजा, वसमतच्या शेतकऱ्यांच्या एखाद्या उत्पादक कंपनीस मानांकनातील शब्दच नाव म्हणून घ्यावयाचे आहेत : 'वसमत' आणि 'हळदी'. हे दोन शब्द रोमन लिपीत सलग लिहिताच पहिल्याचा अंत्य 'टी' आणि दुसऱ्याचा आद्य 'एच' एकमेकांस चिकटतात आणि त्यांचा 'थ' होतो. वाचणारा 'वसमथ-अल्दी' असे वाचू लागतो. मतदारसंघाच्या यादीतील रूपाची सवय असलेला तर हमखास वाचील. संयोगचिन्ह घातले तर डोळ्याची अडचण मिटते, पण कानाची वाढते. दूरध्वनीवर भाव सांगणाऱ्या माणसाने 'मध्ये एक आडवी रेघ' असे किती वेळा सांगावे? शब्दांचा क्रम उलटा केला, 'हळदीवसमत' केले, तर सांधा स्वच्छ होतो. मात्र मराठी कानास तो क्रम परका लागतो. शिवाय 'हळद' की 'हळदी' हा प्रश्न राहतोच. मानांकनाने 'हल्दी' हे हिंदी बाजारपेठेस परिचित रूप पत्करले आहे. ते व्यापाराच्या दृष्टीने समजण्यासारखे आहे, परंतु वसमतच्या आडतीवर कोणी 'हल्दी' म्हणत नाही.

यावरून एक निकष हाती येतो, आणि माझ्या मते 'आखूड' व 'आकर्षक' या दोहोंपेक्षा तो महत्त्वाचा आहे : जे नाव एकदा ऐकून अनोळखी मनुष्य न विचारता बरोबर लिहील, ते नाव चांगले. प्रचलित मार्गदर्शनात हा निकष क्वचित दिसतो, कारण ज्या समाजात नाव प्रथम छापलेले पाहण्यात येते त्यास त्याची निकड भासत नाही. आपल्याकडे नाव प्रथम ऐकण्यात येते.

औंढ्याचे उदाहरण या निकषावर लावून पाहावे. 'ढ' आणि 'ध' या दोहोंस रोमन लिपीत एकच जोडाक्षर. अंत्य 'ए' हा कधी 'आ'कार दाखवितो, कधी नुसता अकार. परिणामी हिंगोलीतले औंढा आणि साताऱ्यातले वा पुण्यातले औंध यांच्यात एका 'ए'चा पडदा राहतो, आणि तोही पारदर्शक. मग 'औंढा' सोडून केवळ 'नागनाथ' वा 'नागेश्वर' घ्यावे काय? येथे अडचण निराळी आहे. द्वादश ज्योतिर्लिंगांतील नागेश्वर कोणते याविषयी औंढा, द्वारकेजवळचे नागेश्वर आणि उत्तराखंडातील जागेश्वर अशा तीन परंपरा आहेत. श्रद्धेच्या क्षेत्रात तिन्ही शतकानुशतके नांदल्या. डोमेन-पद्धतीत मात्र 'नागेश्वर' हे नाव एका शेपटाखाली एकालाच मिळते, आणि ते मिळण्याचा आधार पुराणही नव्हे, शिलालेखही नव्हे. ज्याने आधी अर्ज केला तो. म्हणून 'औंढा नागनाथ' हे संपूर्ण, लांबलचक नावच येथे योग्य होय. लांबी हा दोष मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

नर्सीच्या बाबतीत लोकांनीच हा प्रश्न सोडविला आहे. नांदेड जिल्ह्यात नायगाव तालुक्यात दुसरी नर्सी आहे. म्हणून हिंगोलीतली ती 'नर्सी नामदेव'. परंतु या 'नामदेव'चे रोमन लेखन दोन प्रकारे होते, एक 'ई-ओ' घेऊन आणि एक 'ई-व्ही' घेऊन. पहिले जुन्या मराठी कागदपत्रांत आणि व्यक्तिनामांत विपुल आढळते. दुसरे पंजाबात रूढ आहे. गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत आणि गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान हे त्यांच्याशी निगडित स्थान आहे. तेव्हा नर्सीचा शोध घेणारा वाचक केवळ मराठी असणार नाही. त्या वाचकासाठी 'व्ही'चे रूप मुख्य धरावे आणि 'ओ'चे रूपही नोंदवून ते मुख्य नावाकडे वळवावे, असे मला वाटते.

आता आपल्याच घरातील नावांकडे वळू. हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाच्या कक्षेत येतात, त्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे डोमेन-नाव 'एस-आर-टी-एम-यू-एन' या सहा अक्षरांचे आहे. ते कोणासही शब्द म्हणून उच्चारता येत नाही. उलट वृत्तपत्रांनी आणि विद्यार्थ्यांनी याच विद्यापीठासाठी 'स्वारातीम' हा शब्द केव्हाच घडविला आहे. तो उच्चारता येतो, त्यास लय आहे आणि त्यात मूळ नावाची चारही अंगे आहेत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे उदाहरण अधिक बोधप्रद. तेथे 'वनामकृवि' हा मराठी संक्षेप रोमनमध्ये नेला आहे, पण नेताना त्याचे सर्व स्वर काढून टाकले आहेत. पाच व्यंजनांचा सांगाडा उरला. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचे 'बामू' हे तिघांत उच्चारसुलभ, म्हणूनच ते तोंडी बसले. वास्तविक ते इंग्रजी नावाचा संक्षेप आहे, परंतु दोन स्वरांनी त्यास तारले. संक्षेप करण्याची मराठीची रीत अक्षराने चालते, इंग्रजीची वर्णाने. ही साधी गोष्ट नाव ठरविणाऱ्या समित्यांच्या ध्यानात येत नाही, याचे आश्चर्य वाटते. त्या समित्यांत भाषा-विभागाचा मनुष्य सहसा नसतो, हे त्याचे एक कारण असावे.

कायद्याने या विषयात जी भूमिका घेतली तिच्यातून एक विचित्र पेच उभा राहतो. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे 'रेडिफ' आणि 'रॅडिफ' यांचा वाद आला. रोमन लिपीत दोहोंत एका स्वराक्षराचे अंतर. न्यायालयाने डोमेन-नाव हे केवळ पत्ता नसून व्यापारचिन्हासारखेच संरक्षणास पात्र आहे, असे मानून मनाई दिली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवेच्या दाव्यात तेच तत्त्व दृढ केले; तेथे 'सिफी' हा शब्द कंपनीने स्वतःच्या नावातील घटकांतून घडविलेला होता, आणि प्रतिपक्षाने त्यात एक 'एफ' वाढविला होता. या दोन्ही निकालांत संरक्षण मिळाले ते घडविलेल्या शब्दास. गावाचे नाव कोणी घडविलेले नसते. १९९९ पासून अमलात असलेली आंतरराष्ट्रीय तंटा-पद्धती तक्रारदाराकडे व्यापारचिन्ह आहे काय असे विचारते. 'हे आमच्या गावाचे नाव आहे' हे उत्तर तेथे पुरत नाही. म्हणजे जे नाव लोकांस अर्थपूर्ण, ते कायद्याने दुबळे. जे कायद्याने बळकट, ते लोकांस निरर्थक. भौगोलिक मानांकनाने हा विरोध अधिकच उघडा पडतो. मानांकनाचा लाभ त्या प्रदेशातील सर्व उत्पादकांचा, तर डोमेन-नाव एका अर्जदाराचे. वसमतच्या हळदीचे नाव सांगलीतल्या वा दिल्लीतल्या व्यापाऱ्याने घेऊन ठेवले, तर शेतकऱ्यास दाद मागता येईल. पण ती मागणे आणि वर्षाच्या लहानशा शुल्कात आधीच तिन्ही रोमन रूपे नोंदवून ठेवणे, यांतील खर्चाचे अंतर कोणासही कळण्यासारखे आहे.

मग रोमन लिपीच सोडावी काय? २७ ऑगस्ट २०१४ रोजी 'डॉट भारत' हे देवनागरी शेपूट खुले झाले. आरंभीच्या आठ भाषांत मराठी होती. वर दाखविलेले बहुतेक दोष येथे आपोआप नाहीसे होतात. 'वसमतहळद' असे सलग लिहिले तरी 'त' आणि 'ह' यांचा 'थ' होत नाही, कारण देवनागरीत 'थ' हे स्वतंत्र अक्षर आहे. औंढा औंढाच राहते. कळमनुरीस तिचा 'ळ' परत मिळतो. तथापि हा मार्गही निष्कंटक नाही. मूळ पद्धती आजही रोमन चिन्हेच वाहून नेते. म्हणून २००३ मध्ये ठरलेल्या संकेतानुसार प्रत्येक देवनागरी नावाचे एक रोमन प्रतिरूप केले जाते. 'भारत' या शब्दाचे प्रतिरूप 'एक्स-एन', दोन संयोगचिन्हे आणि मग 'एच-२-बी-आर-जे-९-सी' असे आहे. ६३ चिन्हांची मर्यादा लागू होते ती या प्रतिरूपास.

त्याहून सूक्ष्म अडचणी खास मराठीच्या आहेत. 'ॲग्रो' हा शब्द शेतकरी कंपन्यांच्या नावांत वारंवार येतो. त्यातील 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आले. तोवर ते 'अ'वर चंद्र देऊन लिहीत, आणि आजही अनेक कळफलक तसेच लिहितात. डोळ्यास दोन्ही सारखे, यंत्रास दोन भिन्न नावे. 'शेतकऱ्यांची' या शब्दातील 'ऱ्य' ही अशीच गोष्ट. तो नुक्ता असलेल्या 'ऱ'पासून सिद्ध होतो, किंवा साध्या 'र'पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवूनही. २००३ च्या नियमांत ते अदृश्य चिन्ह गाळले जाई, आणि मग 'ऱ्य'चा 'र्य' होऊन शब्दच बदले. २००८ च्या सुधारणेने त्यास काही ठिकाणी मुभा दिली. 'वाऱ्या'चा 'वार्या' झालेला ज्यास खपत नाही, त्याने देवनागरी नावात असा शब्द तूर्त टाळणे बरे. हिंगोलीचा अनुस्वार जुन्या वळणाने 'न'कार करून लिहिला तरी तेही निराळेच नाव होते.

तेव्हा वसमतच्या त्या कल्पित कंपनीस सल्ला द्यावयाचा झाला तर तो असा : मुख्य नाव देवनागरीत 'वसमतहळद', 'डॉट भारत'खाली, त्यासोबत रोमनमध्ये 'डॉट इन'खाली 'हळदीवसमत', परका क्रम पत्करून, आणि 'बी'ची दोन्ही रूपे केवळ वळविण्यासाठी. पोत्यावर देवनागरी नाव मोठ्या अक्षरांत छापावे, रोमन त्याखाली. नोंदणी कंपनीच्या नावावर असावी, संकेतस्थळ बांधून देणाऱ्याच्या नव्हे, आणि नूतनीकरणाची तारीख ज्या वहीत हळदीच्या विक्रीचे हिशेब असतात त्याच वहीत लिहून ठेवावी.