नव्या पिढीच्या अणुभट्ट्या : पेटंट आणि प्रत्यक्ष रचना यांतील अंतर

चौथ्या पिढीच्या अणुभट्ट्यांविषयीच्या लेखनात पेटंटांची संख्या ही प्रगतीची मोजपट्टी म्हणून अनेकदा पुढे केली जाते. ही मोजपट्टी कितपत विश्वसनीय आहे, हे तपासण्यासाठी अमेरिकेतील ‘टेरापॉवर’ कंपनीच्या प्रवासी-तरंग अणुभट्टीचे उदाहरण बोलके आहे.

या कल्पनेचा उगम पेटंटात नाही. सोव्हिएत शास्त्रज्ञ फाइनबर्ग यांनी 1958 मध्येच तिचे सूतोवाच केले होते. भट्टीच्या एका भागात विखंडन सुरू करावयाचे, सुटणाऱ्या न्यूट्रॉनांनी शेजारच्या युरेनियमचे प्लुटोनियम व्हावयाचे आणि ज्वलनाचा पट्टा हळूहळू पुढे सरकावयाचा, अशी ही योजना. 2006 पासून तिच्या विविध अंगांवर पेटंटसाठी अर्ज दाखल झाले. कागदावर योजना निर्दोष दिसते. अडचण आहे ती इंधनकांडीच्या पोलादी आवरणाची. इंधन दशकानुदशके भट्टीतच ठेवावयाचे म्हणजे न्यूट्रॉनांच्या माऱ्याने आवरणातील प्रत्येक अणू सरासरी सुमारे 500 वेळा जागेवरून ढळणार. चाचण्यांचा अनुभव मात्र 200 च्या आसपास थांबतो. हे अंतर पेटंटातील दाव्यांच्या चतुर शब्दयोजनेने भरून निघत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षांच्या किरणन-चाचण्या लागतात, आणि त्यांना योग्य अशा द्रुतगती भट्ट्या जगात मोजक्याच आहेत.

अखेर 2020 मध्ये कंपनीने ‘नॅट्रियम’ ही 345 मेगावॅटची, तुलनेने परिचित वळणाची सोडियम-शीतित भट्टी पुढे आणली. तिला लागणारे अधिक समृद्ध युरेनियम रशियाकडून येणार होते. युक्रेन युद्धानंतर तो मार्ग बंद झाला आणि डिसेंबर 2022 मध्ये किमान दोन वर्षांचा विलंब जाहीर करावा लागला. वायोमिंगमधील केमरर येथे बांधकामाचा प्रारंभ झाला तो जून 2024 मध्ये. पेटंटचे संरक्षण सर्वसाधारणतः 20 वर्षांचे असते, हे येथे ध्यानात घ्यावे.

रचनेतील खरे आव्हान पुष्कळदा क्षुल्लक वाटणाऱ्या भागात दडलेले असते. जपानच्या ‘मोंजू’ भट्टीत 8 डिसेंबर 1995 रोजी सोडियमची गळती होऊन आग लागली. कारण काय, तर तापमापकाची एक नळी प्रवाहामुळे कंप पावून तुटली! ही भट्टी पुन्हा कधीच सुरळीत चालली नाही आणि 2016 मध्ये ती कायमची बंद करण्याचा निर्णय झाला.

भारताचा अनुभवही या संदर्भात विचारात घेण्याजोगा आहे. 1962 च्या अणुऊर्जा कायद्याने या क्षेत्रातील शोधांना पेटंट नाकारले होते. त्याच काळात, 1985 मध्ये, कल्पक्कम येथील प्रायोगिक द्रुतगती भट्टी कार्यान्वित झाली. तिचा आराखडा फ्रान्सच्या ‘रॅप्सोडी’वर आधारलेला होता, परंतु 1974 च्या अणुचाचणीनंतर समृद्ध युरेनियम मिळणे बंद झाल्याने युरेनियम-प्लुटोनियमच्या मिश्र कार्बाइडचे इंधन येथेच विकसित करावे लागले. अशा इंधनावर चालणारी ती जगातील पहिली भट्टी. आरंभी सावधपणे ठरविलेली इंधन-ज्वलनाची मर्यादा तपासण्यांच्या आधारे टप्प्याटप्प्याने वाढवीत नेण्यात आली आणि पुढे या इंधनाने प्रतिटन 1,65,000 मेगावॅट-दिवसांपर्यंत मजल मारली.