गुप्त मोहिमांची शहानिशा

युद्धकथांचा मराठीत कधी दुष्काळ पडला नाही. दिवाळी अंकात निवृत्त अधिकाऱ्याचा लेख असतो, २६ जुलैला कारगिलवर व्याख्यानं होतात, वाचनालयांतली मोसाद आणि रॉ या गुप्तचर संस्थांवरची पुस्तकं हाताळून हाताळून खिळखिळी झालेली असतात. नाशिकच्या एका अंगाला देवळालीचं तोफखान्याचं केंद्र, दुसऱ्या अंगाला ओझरचा लढाऊ विमानांचा कारखाना. त्यामुळे इकडे सातपूरच्या वसाहतींमध्ये फौजेतून निवृत्त होऊन एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीत गेटवर किंवा स्टोअरमध्ये लागलेली माणसं सहज भेटतात, आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं. उघड लढाईच्या आठवणींना आधार असतो. पलटणीची डायरी असते, शेजारच्या मोर्चातला सोबती असतो, पदकाचं मानपत्र असतं. हेरगिरीच्या आणि छुप्या मोहिमांच्या आठवणींमागे बहुतेक वेळा सांगणाऱ्याचा शब्द तेवढा उभा असतो. तो शब्द कसा तपासायचा याची रीत मराठीने अजून बसवलेली नाही. या लेखनप्रकाराची आजची सगळी दुखणी मला तिथूनच सुरू झालेली दिसतात.

आधी एक चांगलं उदाहरण घेतो. कॅप्टन मोहन नारायणराव सामंत नौदलाच्या पाणबुडी शाखेतले. ‘आयएनएस करंज’ १९६९ मध्ये ताफ्यात आली तेव्हा तिचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. १९७१ च्या मार्चअखेर फ्रान्समधल्या तुलाँ बंदरातून ‘मांग्रो’ या पाकिस्तानी पाणबुडीवरचे बंगाली खलाशी निसटले. त्यातले आठ जण भारतात पोचले आणि त्यांच्यापासून नौदलाची एक छुपी कमांडो मोहीम उभी राहिली. नदिया जिल्ह्यात पलाशीजवळ भागीरथीच्या काठी छावणी पडली. पोहण्यात तरबेज अशा बंगाली तरुणांना लिंपेट सुरुंग अंगाला बांधून रात्रीच्या प्रवाहात जहाजापर्यंत जायला शिकवलं गेलं. १५ ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज इथे एकाच वेळी हल्ले झाले. कलकत्ता आकाशवाणीवरून लागणारी दोन ठरलेली गाणी हा निघण्याचा इशारा होता. चितगावात ‘अल अब्बास’ आणि ‘हॉर्मुझ’ ही जहाजं बुडाली. डिसेंबरात सामंत स्वतः ‘पद्मा’, ‘पलाश’ आणि ‘पनवेल’ या नौका घेऊन मोंगला आणि खुलन्यावर चालून गेले. त्यांना महावीरचक्र मिळालं. हे सगळं त्यांच्या नावावर पुस्तकरूपाने यायला २०१९ साल उजाडलं. पत्रकार संदीप उन्नीथन यांच्यासोबत लिहिलेलं ते इंग्रजी पुस्तक, ‘ऑपरेशन एक्स’. सामंतांचं निधन त्याच वर्षीच्या मार्चमधलं.

या कथनावर माझा विश्वास बसतो, आणि तो पदकामुळे बसत नाही. लिंपेट सुरुंगाच्या कळीत पाण्यात विरघळणारी गुटी असते. ती विरघळली की स्फोट. पोहून जायला वेळ जास्त लागणार, म्हणून गुटी कोरडी ठेवायला निरोध वापरले गेले. असा तपशील मनाने रचणाऱ्याला सुचत नाही, तो ज्याने काम केलंय त्याच्याच तोंडी येतो. दुसरी गोष्ट जास्त वजनाची आहे. १० डिसेंबरला खुलन्याजवळ ‘पद्मा’ आणि ‘पलाश’वर आपल्याच हवाई दलाच्या विमानांनी चुकून हल्ला केला, दोन्ही नौका गेल्या, आणि ‘पलाश’वरचे रूहुल अमीन त्या दिवशी मरण पावले. बांगलादेशाने त्यांना आपला सर्वोच्च किताब, वीरश्रेष्ठ, दिला. मोहिमेतलं हे सर्वांत दुखरं पान या कथनात जागच्या जागी आहे. शिवाय ज्यांना सामंतांनी तयार केलं त्या बांगलादेशी कमांडोंनीही आपापल्या आठवणी सांगितल्या आहेत, म्हणजे ताडून बघायला दुसरी बाजू उपलब्ध आहे. मात्र एकूण किती जहाजं बुडाली, याचे आकडे पुस्तकागणिक बदलतात. ते पक्के करायला सरकारी कागद हवेत. ईस्टर्न कमांडकडचे १९७१ चे बरेच दस्तऐवज युद्धानंतर नष्ट केले गेल्याची बातमी २०१० मध्ये आली. पुढे या कमांडचे प्रमुख झालेले लेफ्टनंट जनरल जेकब यांनीच तसं सांगितलं होतं. राज्यसंस्थेने आपली स्मृती अशी पुसली की सैनिकाच्या स्मृतीवर सगळा भार येतो, आणि तो भार पेलण्याची तिची ताकद नसते.

आता दादरा-नगर हवेली. मराठी माणसाच्या दृष्टीने छुप्या मोहिमेचं याहून जवळचं उदाहरण नाही, आणि शहानिशेची याहून जास्त गरजही कुठे नाही. २१ जुलै १९५४ च्या रात्री दादऱ्याची पोर्तुगीज चौकी पडली, त्यात उपनिरीक्षक अनिसेतो रोझारियो मारला गेला. ही कारवाई युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सची, फ्रान्सिस मस्कारेन्हास यांच्या पुढाकाराने झालेली. पुढच्या आठवड्यात नरोली, आणि २ ऑगस्टला सिल्वासा. इथे आझाद गोमंतक दल आणि संघाचे स्वयंसेवक. राजा वाकणकर, नाना काजरेकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे ही नावं इथली. आसपासच्या वारली पाड्यांत कम्युनिस्ट कार्यकर्ते होते, त्यांचाही वाटा त्यांच्या बाजूने सांगितला जातो. पोर्तुगीज कॅप्टन फिदाल्गो ११ ऑगस्टला उधव्याजवळ भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला. एवढा सांगाडा पक्का आहे. त्यावरचं मांस प्रत्येक गटाने आपापलं चढवलं. एकाच्या कथनात मध्यभागी असलेली माणसं दुसऱ्याच्या कथनात कडेला जातात. शस्त्रं किती होती, गोळी आधी कुणी चालवली, भारतीय पोलीस कधी आणि कितपत मदतीला होते, यांची उत्तरं पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचं प्रकाशकाचं नाव वाचून आधीच सांगता येतात. समीक्षेने या ठिकाणी गप्प बसायला नको होतं.

या विसंगतीला केवळ गटबाजी कारणीभूत नव्हती. पोर्तुगालने १९५५ च्या डिसेंबरात भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. तिथे भारताला आपला हात नाकारायचा होता. ज्या तरुणांनी जिवावर उदार होऊन चौक्या घेतल्या, त्यांनी पुण्या-मुंबईत उभं राहून ते जाहीर सांगणं देशाच्या दाव्याला घातक होतं. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि मालासाठी पोर्तुगालला वाट होती, सैन्य आणि शस्त्रांसाठी नव्हती, आणि भारताने आपलं कर्तव्य मोडलं नाही, असं न्यायालयाने म्हटलं. तोवर गप्प राहिलेल्यांनी पुढे आठवणी सांगितल्या तेव्हा मध्ये वर्षं गेली होती. काही गोष्टी विरल्या होत्या, काहींना सांगून सांगून घडी पडली होती. हेगच्या दाव्याची कागदपत्रं छापील खंडांत उपलब्ध आहेत. शत्रुपक्षाने तारखेवार मांडलेली तक्रार हा आठवणी तपासण्याचा उत्तम दगड आहे. मी वाचलेल्या मराठी लेखनात तिचा उपयोग अपवादानेच दिसला.

गोव्याचंही तसंच. मोहन रानडे यांचं ‘सतीचे वाण’ हे मराठीतल्या श्रेष्ठ आठवणींपैकी एक आहे, असं मी निःशंकपणे म्हणतो. सांगलीचा हा तरुण शिक्षक म्हणून गोव्यात राहिला, आझाद गोमंतक दलात गेला, १९५५ च्या ऑक्टोबरात बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला. गोवा १९६१ ला मुक्त झाला तरी तो लिस्बनजवळच्या कैदेत राहिला आणि थेट १९६९ च्या जानेवारीत सुटला. इथे खटला आहे, शिक्षा आहे, तुरुंगाच्या नोंदी आहेत, सुटकेसाठी सुधीर फडक्यांनी चालवलेली धडपड आहे. पोर्तुगीज गुप्त पोलीस ‘पिडे’चं दप्तर आज लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो अभिलेखागारात अभ्यासकांना खुलं आहे. आंबोलीच्या जंगलातून २५ नोव्हेंबर १९५५ ला सुरू झालेल्या ‘व्हॉइस ऑफ फ्रीडम’ या गुप्त नभोवाणीबद्दल, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांच्या त्या कामाबद्दल, पलीकडच्या बाजूला काय कळलं होतं आणि काय नव्हतं, हे कागदावरून शोधता येईल. भूमिगतांच्या शब्दाला शत्रूच्याच दप्तराने दुजोरा द्यावा, यापेक्षा मोठा मान कोणता?

शहानिशा टाळली की काय होतं, ते बीड जिल्ह्याने दाखवलं आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामातलं भूमिगत काम खरं होतं आणि मोठं होतं. सरहद्दीवरच्या शिबिरांमधून निजामाच्या हद्दीत छापे पडत होते, ३० जानेवारी १९४८ ला उमरीची बँक लुटून लढ्याला पैसा उभा केला गेला. अनंत भालेरावांनी ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’मध्ये हा काळ जबाबदारीने मांडला. पण भूमिगताची सरकार दरबारी नोंद नसते. म्हणून निवृत्तिवेतनासाठी तुरुंगवास भोगलेल्या सोबत्याचं प्रमाणपत्र ग्राह्य धरलं गेलं. सोबत्याच्या शब्दावर ठेवलेल्या त्या विश्वासातून वाट फुटली, आणि बोगस स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण न्यायमूर्ती पालकर आयोगापर्यंत गेलं. त्या काळात लहान मूल असलेल्या माणसांनीही छाप्यात भाग घेतल्याचे दावे केल्याचं समोर आलं. यात लुबाडणूक तिजोरीची झाली तशी खऱ्या भूमिगतांच्या शब्दाचीही झाली. उमरीत जीव धोक्यात घातलेल्या म्हाताऱ्याकडेही लोक संशयाने पाहू लागले. मला या प्रकरणात सर्वांत जास्त राग याचा येतो.

इथे कादंबरीचा संबंध येतो. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप यांनी कुणाची फसवणूक केली नाही. ती कल्पित पात्रं होती आणि वाचकाला ते ठाऊक होतं. गोंधळ ‘सत्य घटनेवर आधारित’ या शिक्क्याने घातला. हरिंदर सिक्का यांच्या ‘कॉलिंग सेहमत’वरून २०१८ मध्ये ‘राझी’ हा चित्रपट आला. सेहमतची खरी ओळख लेखकाने राखून ठेवली, त्यामागे चांगलं कारणही असेल, पण मग त्यातलं किती घडलं हे तपासायची सोय उरत नाही. तरीही आपल्याकडचे लेखक आणि व्याख्याते तिचे प्रसंग १९७१ चा इतिहास म्हणून सांगताना आढळतात. याच्या उलट एक परदेशी उदाहरण आहे. १९५३ मध्ये क्वेंटिन रेनॉल्ड्स या नामवंत अमेरिकी पत्रकाराने जॉर्ज ड्यूप्रे नावाच्या कॅनेडियन माजी सैनिकाची कथा लिहिली: फ्रान्समध्ये हेरगिरी, नाझींचा छळ, तरीही तोंड न उघडणं. कॅलगरीच्या वृत्तपत्राने खोदून काढलं, तेव्हा हा माणूस फ्रान्सला गेलाच नव्हता असं निघालं. प्रकाशकाने उघड कबुली देऊन पुस्तक कादंबऱ्यांच्या यादीत टाकलं. मराठीत असं पुस्तक एका कपाटातून दुसऱ्या कपाटात हलवण्याचं धैर्य कोणत्या प्रकाशकाने दाखवल्याचं मला आठवत नाही.

खरा माणूसही चुकतो, हे जास्त अवघड प्रकरण. विंटरबॉथम हे ब्रिटिश गुप्तवार्ता खात्यातले खरोखरचे वरिष्ठ अधिकारी. १९७४ मध्ये त्यांनी जर्मन संकेत फोडल्याचं गुपित पुस्तकातून सांगितलं, पण कागद हाताशी नसताना, आठवणीवर. कॉव्हेंट्रीवरचा हल्ला चर्चिलला आधी कळला होता आणि गुपित राखण्यासाठी त्याने शहर जळू दिलं, ही गोष्ट तिथून जगभर पसरली. कागद खुले झाल्यावर अभ्यासकांनी ती खोडली. ती मराठीत आजही ऐकायला मिळते.

आपल्याकडे कागद खुले होत नाहीत, हा मुख्य अडसर आहेच. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा अजून लागू आहे. २००७ मध्ये मेजर जनरल व्ही. के. सिंग यांनी रॉमधल्या कारभारावर पुस्तक लिहिलं आणि त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला. २०२१ मध्ये गुप्तचर संस्थांतून निवृत्त झालेल्यांच्या लेखनावरचे निर्बंध कडक झाले. त्याच वर्षी युद्धांचे कागद साधारण २५ वर्षांनी खुले करण्याचं धोरण संरक्षण मंत्रालयाने जाहीर केलं, तरी १९६२ च्या युद्धावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल अधिकृतपणे बंदच आहे. नियम पाळणारा माणूस त्यामुळे गप्प राहतो, आणि जो बोलतो तो बाजाराला हवं तेवढं बोलतो. दुसऱ्या बाजूला, सरकारने नाकारलं म्हणून दावा खोटा, असंही मानता येत नाही. २०१२ मध्ये पाकिस्तानात तीस वर्षं कैद भोगून वाघ्याला परतलेल्या एका माणसाने आपण भारताचे हेर होतो असं सांगितलं, सरकारने झटकून टाकलं. हेराला न ओळखणं हा त्या धंद्याचा नियमच आहे. रवि आमले यांनी रॉवर मराठीत पुस्तक लिहिलं, ते या कोंडीत राहूनच. असं आणखी दहा-बारा जणांनी लिहायला हवं.

हे सगळं करायला मराठीला बाहेरून काही आणावं लागत नाही. सभासदाने १६९७ मध्ये बहिर्जी नाईकाचा उल्लेख केला तो मोजक्या शब्दांत. त्यावर कादंबऱ्या आणि व्याख्यानांनी वेषांतरांचा डोंगर रचला. पण बखरीवर कागद ठेवून तिचा कस पाहायचं कामही याच भाषेत झालं. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. पानिपतावरच्या एकेका पत्राच्या तारखेसाठी भांडणारे अभ्यासक आपल्याकडे होऊन गेले. ती शिस्त अठराव्या शतकापाशी थांबली, एकोणीसशे चौपन्न आणि एकाहत्तरपर्यंत आलीच नाही.

रानडे आणि सामंत २०१९ मध्ये गेले, पुरंदरे २०२१ मध्ये. १९७१ ला विशीत असलेले जवान आता पंचाहत्तरीच्या आसपास किंवा त्यापुढे आहेत, त्यातले काही सातपूर-अंबडच्या परिसरात राहतात. त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करताना पलटण कोणती, वरचा अधिकारी कोण, महिना कोणता, पाऊस होता का, सोबत कोण होतं, काय फसलं, एवढं विचारलं तरी पुढच्या अभ्यासकाला धरायला दोर मिळेल. १८४० पासून चालत आलेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थेत ही मुद्रणं, सांगणाऱ्याच्या संमतीने, ठेवता येतील. आणि प्रकाशकांकडे एक मागणी आहे: ‘सतीचे वाण’ची अशी आवृत्ती काढा, जिच्यात रानड्यांच्या मजकुरासमोर लिस्बनच्या दप्तरातले कागद मराठीत छापलेले असतील, आणि जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे संपादकाने तसं स्पष्ट लिहिलेलं असेल.